बंबाची निवड : जेम्स ब्रेडवुड आणि वाफेचे यंत्र

‘बंब’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांच्या हातून आला. त्यांच्या भाषेत ‘बोंबा’ म्हणजे पाणी खेचून फेकणारे यंत्र. (आग लागली असता आपण जी बोंब मारतो ती निराळी, तिच्यासाठी परक्याच्या दारी जाण्याचे आपणांस कारण पडले नाही.) शब्द घरात आला आणि येथे त्याचे दोन संसार झाले. एक बंब घंटा वाजवीत आग विझविण्यास रस्त्याने धावू लागला, तर दुसरा न्हाणीघराच्या कोपऱ्यात बसून आंघोळीचे पाणी तापवू लागला. एकाचे काम विस्तव विझविण्याचे, दुसऱ्याचे तो पोटात बाळगण्याचे. तेव्हा नाव एक असले तरी या दोघांचे नाते काही जुळत नाही असे कोणासही वाटेल. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या रस्त्यांतून जो वाफेचा बंब धावत असे, त्यात हे दोघेही एकाच गाडीवर बसलेले होते. मागच्या बाजूस उभे बाष्पपात्र : खाली विस्तव, भोवती पाणी, मधून धूर जाण्याची वाट, म्हणजे आपल्या तांब्याच्या बंबाचा थोरला भाऊच. पुढच्या बाजूस पंप. पहिल्याने थोडे पाणी तापवावयाचे आणि त्याच्या वाफेच्या जोरावर पुष्कळ पाणी आगीवर फेकावयाचे, अशी ती युक्ती.

ही युक्ती १८२९ साली सिद्ध झाली होती. लंडनच्या बंबखात्याने ती स्वीकारली १८६० साली. मधली एकतीस वर्षे हे यंत्र दाराशी उभे होते आणि ते घेतले गेले नाही. या नकाराच्या मुळाशी एखादा आळशी कारकून अथवा पैशाला जपणारी समिती असती तर त्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. ज्याने नकार दिला तो जेम्स ब्रेडवुड, आग विझविण्याच्या विद्येत त्या काळी ज्याच्या तोडीचा दुसरा पुरुष इंग्लंडात नव्हता असा मनुष्य. शहाण्या माणसाने चांगली वस्तू इतका काळ का नाकारली, आणि नाकारली ते योग्य केले की अयोग्य, हा प्रश्न मला बंबांच्या साऱ्या इतिहासात अधिक विचारार्ह वाटतो.

प्रथम ते यंत्र कसे होते ते पाहू. ते रचले जॉन ब्रेथवेट आणि स्वीडनहून आलेला जॉन एरिक्सन या दोघांनी. याच जोडीने त्याच १८२९ साली रेनहिल येथे आगगाडीच्या इंजिनांची जी प्रसिद्ध चढाओढ झाली तीत आपले ‘नॉव्हेल्टी’ हे इंजिन उतरविले होते. तेथे स्टीव्हन्सनचे ‘रॉकेट’ जिंकले व यांचे हरले. परंतु त्यांच्या वाफेच्या बंबाने पुढील हिवाळ्यात नाव काढले. फेब्रुवारी १८३० मध्ये लंडनमधील आर्गाइल रूम्स नावाच्या सभागृहास आग लागली. थंडी अशी कडाक्याची होती की हाताने चालविण्याचे बंब पाणी गोठून जागच्या जागी अडले. ब्रेथवेटचे यंत्र मात्र पाच तास न थांबता चालले. पुढे १८३२ मध्ये बार्क्ले यांच्या बिअरच्या कारखान्यास आग लागली तेव्हा हे यंत्र तेथेही गेले, आणि आग विझल्यावर कारखान्याचे स्वतःचे पंप निकामी झालेले असल्यामुळे काही आठवडे तेथेच राहून बिअर एका पिंपातून दुसऱ्या पिंपात चढवीत बसले. आग विझविणाऱ्या यंत्रास इतकी सुखाची नोकरी क्वचितच लाभली असेल. असे एक यंत्र बर्लिनलाही गेले. लंडनने मात्र घेतले नाही.

लंडनमध्ये त्या वेळी जे होते ते हातबंब. लांबट पेटी, तिच्यात दोन नळकांडी, त्यांत दट्टे, आणि पेटीच्या दोन्ही अंगांस लांब दांडे. दोन्ही बाजूंस माणसे उभी राहून आळीपाळीने दांडे खाली दाबीत. लंडनच्या दलातील नेहमीच्या बंबास पूर्ण जोराने चालविण्यास सव्वीस-अठ्ठावीस माणसे लागत आणि मिनिटास सुमारे ९० गॅलन पाणी पडे. इतकी माणसे पगारी ठेवणे कोणासही परवडणारे नव्हते. म्हणून बंबासोबत दलाचे चारपाच जण जात आणि दांडे दाबण्यास रस्त्यावरची बघ्यांची गर्दी उपयोगी पडे. मजुरी पहिल्या तासास एक शिलिंग, पुढे दर तासास सहा पेन्स, आणि वर बिअर. दांड्यांच्या तालावर बिअरच्या नावाचा पुकारा चाले, आणि पिंप येण्यास उशीर झाला की ताल मंदावे. आगीवर पडणाऱ्या पाण्याचा जोर असा लोकांच्या घशावर अवलंबून असे. हे वाचून वाफेच्या यंत्राची निवड डोळे मिटून करावी असेच कोणासही वाटेल.

ब्रेडवुडने डोळे मिटले नाहीत. तो मूळचा एडिंबरोचा, बांधकामाच्या धंद्यात वाढलेला. वयाच्या चोविसाव्या वर्षी, १८२४ मध्ये, त्या शहराच्या बंबांचे आधिपत्य त्याच्याकडे आले. आणि माणसे शिकवून तयार होण्यापूर्वीच त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जुन्या वस्तीचा मोठा भाग जळून गेला. त्या आगीत कोण कोणाचा हुकूम ऐकतो याचा मेळ नव्हता, बंब होते पण ते कोठे उभे करावे याविषयी एकमत नव्हते. यातून ब्रेडवुड जे शिकला ते त्याने पुढे जन्मभर सोडले नाही. त्याने गवंडी, सुतार, छपरे शाकारणारे, नळ बसविणारे अशी माणसे निवडली. कारण ज्याने घर बांधले आहे त्यासच जळते घर कोठून कोसळेल हे कळते. आठवड्यातून एकदा पहाटे चारच्या सुमारास त्यांची कवाईत होई, कारण अंधारात ज्यास आपला सांधा हाताने सापडत नाही त्यास तो धुरात सापडणार नाही. आणि एक नियम त्याने घालून दिला : बाहेर रस्त्यावर उभे राहून खिडकीतून पाणी फेकणे हे केवळ देखाव्याचे काम आहे, बंबवाल्याने आत शिरावे, धुराखाली जमिनीलगत सरपटत जावे, आणि जे जळत आहे नेमके त्यावरच पाणी मारावे. १८३० साली त्याने बंबांच्या रचनेवर व माणसांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले. १८३३ च्या जानेवारीत लंडनच्या दहा विमा कंपन्यांनी आपापली वेगवेगळी पथके मोडून एक दल उभारले तेव्हा सुमारे ८० माणसांच्या त्या दलावर त्यालाच नेमले.

या नियमाच्या उजेडात वाफेचे यंत्र ठेवून पाहिले म्हणजे नकाराचा अर्थ लागू लागतो. ब्रेथवेटचे यंत्र तासास तीस ते चाळीस टन पाणी फेकी. ऐकण्यास आकडा मोठा वाटतो. परंतु टनास २२४ गॅलन धरून हिशेब मांडला तर मिनिटास ११० ते १५० गॅलन पडतात, म्हणजे दोन हातबंबांइतकेही नव्हे. यंत्र थकत नाही व बिअर मागत नाही हा गुण खरा. पण त्याचे वजन दोन टनांहून अधिक. आणि वाफ चढण्यास जो वेळ लागे तेवढ्या वेळात हातबंब येऊन, लागून, लहान आग विझवूनही मोकळा होई. लंडनमधल्या बहुतेक आगी लहानच असत, आणि त्या लहान आहेत तोपर्यंतच गाठाव्या हेच तर ब्रेडवुडचे सारे शास्त्र होते. शिवाय वाफेचा मोठा झोत बाहेरून मारता येतो म्हणून माणसे आत शिरण्याचे सोडतील, आणि न जळलेला मालही पाण्याने नासेल, ही भीती होतीच. विमा कंपन्यांचे दल ते; जळालेल्या कापडाचे पैसे द्यावे लागत तसेच भिजलेल्याचेही द्यावे लागत.

आणि पाणी? ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लंडनचे पाणी त्या काळी खाजगी कंपन्यांच्या हाती होते. ते नळांतून अखंड वाहत नसे. ठराविक वेळी ठराविक भागास सोडले जाई. रस्त्याखालच्या मोठ्या नळास जागोजाग भोके ठेवून त्यांत लाकडी खुंट्या ठोकलेल्या असत. आग लागली की प्रथम पाणी सोडणाऱ्या कंपनीच्या माणसास झोपेतून उठवावयाचे, मग खुंटी उपटावयाची, आणि जे पाणी वर येईल ते कापडाच्या हौदात साठवून त्यात बंबाची नळी बुडवावयाची. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते येथे अक्षरशः चाले. अशा नळास जे यंत्र लावावयाचे ते नळ देईल त्याहून अधिक पिणारे असून उपयोग काय? हातबंब कमी पितो हा तेथे दोष नव्हता, तो मेळ होता.

निगराणीचाही प्रश्न होता. हातबंब मोडला तर गल्लीतला लोहार दुरुस्त करी; झडपेचे चामडे कोणीही बदली. त्यातल्या त्यात जीव लावावा लागे तो नळ्यांना. त्या जाड चामड्याच्या असत. पूर्वी त्या शिवीत आणि टाक्यांतून फुटत. १८०७-८ च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फियास त्या तांब्याच्या रिव्हेटांनी जोडण्याची रीत निघाली तेव्हापासून त्या जोर सोसू लागल्या. पण चामडे ते चामडेच. प्रत्येक आगीनंतर नळी धुवावयाची, उंच टांगून निथळावयाची, आणि पुरती वाळून कडक होण्यापूर्वी तिला चरबी चोळावयाची. एक दिवस चुकला तर तडा, आणि तो तडा कळावयाचा पुढच्या आगीत. या नित्यकर्मात वाफेच्या बंबाने बाष्पपात्राची, त्याच्या नळ्यांची, त्यांत साचणाऱ्या क्षाराची भर टाकली असती. न्हाणीघरातला बंब वर्षभर न खरवडता ज्याने वापरला आहे त्यास या क्षाराची कल्पना आहे.

एवढे पाहिल्यावर १८३३ सालच्या ब्रेडवुडला मी दोष देऊ शकत नाही. त्याने यंत्र नाकारले ते अज्ञानाने नव्हे. बंबाची निवड करताना त्याने रस्ता पाहिला, नळ पाहिला, माणूस पाहिला, घर पाहिले, आणि मग यंत्र पाहिले. हा क्रम बरोबर होता.

चूक झाली ती निराळ्या ठिकाणी. शहर त्या हिशेबात थांबून राहिले नाही. थेम्सच्या काठी साऱ्या जगाचा माल उतरू लागला तशा तेथील वखारी फुगत गेल्या : सहा-सहा मजली, एकास एक लागून, आतून एकसंध. या वखारी ब्रेडवुडच्या डोळ्यांसमोर वाढत होत्या, आणि त्याने त्यांविरुद्ध वारंवार इशारा दिला होता की इतक्या मोठ्या जागेत एकदा आग पसरली तर ती आटोक्यात आणणे कोणत्याही दलाच्या शक्तीबाहेरचे आहे. भिंतींनी त्यांचे भाग पाडा, मध्ये लोखंडी दारे बसवा व ती मिटलेली ठेवा. म्हणजे अशा जागेत आत शिरून लढता येणार नाही हे त्याने स्वतःच सांगितले होते. मग जेथे शिरता येत नाही तेथे बाहेरून लांबवर पाणी फेकणारे यंत्र हवे, हे दुसरे पाऊल मात्र त्याने फार उशिरा टाकले. नदीतील तरंगत्या बंबास १८५० नंतरच्या वर्षांत वाफ जोडली गेली. रस्त्यावरच्या कामासाठी शँड मेसन यांचा एक वाफेचा बंब १८६० मध्ये भाड्याने घेतला गेला. इतक्या मोठ्या नगरीत, इतक्या वर्षांनी, एक, आणि तोही भाड्याने!

२२ जून १८६१, शनिवार. दुपारी टूली स्ट्रीटच्या कॉटन्स व्हार्फ या धक्क्यावरील वखारीत आग दिसली. आत ताग होता, कापूस होता, साखर, चरबी, चहा, मसाले आणि सोरा होता. आपल्या बंगालच्या शेतांतला ताग असा दूरदेशी जळत होता. लोखंडी दारे बसविलेली होती, पण ती उघडी राहिली होती. पाणी येण्यास वेळ लागला. ओहोटी असल्यामुळे तरंगते बंब काठाशी येऊ शकेनात. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ब्रेडवुड आपल्या थकलेल्या माणसांना ब्रँडीचा घोट वाटीत फिरत असता वखारीची भिंत बाहेरच्या अंगास कलली आणि त्याच्यावर कोसळली. ढिगाऱ्यातून त्याचे प्रेत काढण्यास दोन दिवसांहून अधिक लागले. आग पुरती विझावयास दोन आठवडे गेले, आणि नुकसान सुमारे वीस लाख पौंडांचे झाले.

एखाद्या वाफेच्या बंबांच्या ताफ्याने ती भिंत उभी राहिली असती असे मी म्हणत नाही. उघड्या दारांपुढे व ओहोटीपुढे कोणतेही यंत्र चालत नाही. पण १८३३ साली केलेला हिशेब दर पाचदहा वर्षांनी पुन्हा मांडला गेला असता तर त्या संध्याकाळी धक्क्यावर वाफेचे पुष्कळ बंब उभे असते आणि त्या माणसांना भिंतीच्या इतके जवळ उभे राहावे लागले नसते, असे मला वाटते. आत शिरा, जवळ जा, हा ज्याचा नियम तो जवळ असतानाच गेला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. विमा कंपन्यांनी सरकारास कळविले की हे ओझे आता आम्हांस झेपत नाही. आणि १८६६ च्या आरंभापासून लंडनचे दल सार्वजनिक मंडळाच्या हाती गेले. ब्रेडवुडच्या जागी बेलफास्टहून कॅप्टन शॉ आला होता. १८६३ च्या जुलैत क्रिस्टल पॅलेसच्या बागेत वाफेच्या बंबांची जाहीर परीक्षा झाली : थंड पाण्यापासून वाफ किती मिनिटांत चढते, झोत किती लांब व किती उंच जातो, दूर ठेवलेल्या टाकीत खरोखर किती पाणी पडते. मोठ्या बंबांत मेरीवेदर यांच्या ‘सदरलंड’ने व लहानांत शँड मेसन यांच्या बंबाने पहिले बक्षीस मिळविले. विक्रेत्याच्या तोंडच्या स्तुतीवर न विसंबता यंत्र पारखून घेण्याची ही रीत मला त्या बक्षिसांपेक्षा मोलाची वाटते. ‘सदरलंड’ लंडनच्या विज्ञान-संग्रहालयात गेले व तेथे जतन झाले. शॉच्या काळी बंबखान्यात उभ्या असलेल्या बंबाच्या पोटाखाली गॅसची लहानशी ज्योत रात्रंदिवस जळे, पाणी सदैव कोमट राही, म्हणजे घंटा होताच घोडे जुंपून निघावयाचे आणि आगीच्या ठिकाणी पोहोचेतो वाफ तयार. आग विझविणाऱ्यांच्या घरी विस्तव कधी विझू द्यावयाचा नाही, असा हा अग्निहोत्राचा प्रकार होता.

आता याच्या उलट बाजूची एक गोष्ट. अमेरिकेतील बोस्टन शहराने वाफेचे बंब उत्तम निवडले होते. १८७२ च्या शरद ऋतूत कॅनडातून घोड्यांची साथ आली आणि बंब ओढणारी जनावरे खोकत तबेल्यात पडली. दलाने बंब हाताने ओढण्यास जादा माणसे लावली. ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी व्यापारी पेठेत आग लागली. पुढील चौकशीत असे दिसले की घोड्यांपायी फारसा वेळ गेला नव्हता. खरी उणीव जमिनीखाली होती. ती पेठ पूर्वी राहत्या घरांची होती, आणि त्या घरांच्या बेताने घातलेले बारीक नळ, वर उंच वखारी चढल्या तरी, तसेच राहिले होते. दलाचा प्रमुख जॉन डॅमरेल याने शिकागोची १८७१ ची राखरांगोळी पाहून मोठे नळ घालण्याची मागणी केली होती. नगरपालिकेने ती मानली नाही. बंबांना हवे तितके पाणी नळांतून मिळेना आणि ७७६ इमारती जळाल्या. लंडनात यंत्र शहरामागे पडले. बोस्टनात शहर यंत्रामागे पडले. बत्तीस वर्षांनी, ७ फेब्रुवारी १९०४ रोजी, बाल्टिमोर जळू लागले तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथून आगगाडीने बंब धावले. चांगले बंब, तयार माणसे, आणि नळीच्या टोकाचे आटे बाल्टिमोरच्या नळास लागेनात. दीड हजारांवर इमारती गेल्या. नंतर मोजदाद केली तेव्हा त्या देशात अशा जोडांचे सहाशेंवर प्रकार निघाले. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असे आपण म्हणतो. येथे बंब रामेश्वरीच होता, आटे तेवढे सोमेश्वरी राहिले.

मुंबईचे बंब पूर्वी पोलिसांकडे असत. १ एप्रिल १८८७ पासून ते नगरपालिकेच्या स्वतंत्र खात्याकडे आले. घोडे गेले, वाफ गेली, मोटरी आल्या. टूली स्ट्रीटच्या वखारींविषयी ब्रेडवुड जे सांगत असे, की काही जागा अशा भरल्या जातात की त्यांना पुरेसा बंबच नसतो, त्याची प्रचीती या शहरास १४ एप्रिल १९४४ रोजी आली. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाने पेट घेतला. त्याच जहाजाच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. बंबवाले आले, नळ्या लावल्या, आणि जहाजात पाणी ओतीत राहिले. आग हटेना, आणि जहाज खोल पाण्यात न्यावे की जागीच बुडवावे याचा निर्णय होईना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. दलाची ६६ माणसे त्या दिवशी गेली. त्यांतील बहुतेक आपल्या बंबाजवळ, नळी हाती धरलेली अशी होती. दरवर्षी १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवेचा म्हणून देशभर पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ.